दगडावरचं वाक्य माझं आहे

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, मालखोर्स्टचे नगराध्यक्ष माननीय टेस्मरसाहेब, व्यासपीठावरचे प्रमुख पाहुणे, नगरपरिषदेचे सदस्य आणि आपल्या रुग्णालय समितीचे उपाध्यक्ष कॅप्टन श्ट्रेलो, आदरणीय पाद्रीबुवा, आजचे सत्कारमूर्ती, ज्यांना मी एकवीस वर्षं नुसतं ‘डॉक्टर’ म्हणत आले ते डॉक्टर एकबर्ट नॉयेंडॉर्फ, पहिल्या रांगेत बसलेल्या हामानबाई, माझ्या सहकारी परिचारिका, आणि उपस्थित बंधुभगिनींनो,

मला भाषणाची सवय नाही. वॉर्डात मी मोठ्यानं बोलते, हे इथे बसलेले बरेच जण स्वानुभवानं सांगतील. पण तिथे समोरचा माणूस आडवा असतो. आज सगळे ताठ बसलेले आहेत आणि उभी मी एकटीच आहे.

समितीनं कळवलं होतं की कर्मचाऱ्यांच्या वतीनं जो बोलेल त्यानं भाषण आधी लिहून दाखवावं. मी दोन पानं दाखवली. ती मंजूर होऊन परत आली. फक्त दोन शब्दांवर तांबडी रेघ होती. एक ‘अकाली’ आणि दुसरा ‘दुर्दैवानं’. डॉक्टरांची निवृत्ती अकाली नाही, प्रकृतीच्या कारणानं आहे, असं समासात लिहिलं होतं. समितीची सूचना मी मान्य करते. डॉक्टरांची प्रकृती कशी आहे ते आपण पाहतोच आहोत. काल सकाळी ते सायकलवरून बिर्खोफला बाळंतपणाला गेले होते.

डॉक्टरांविषयी काय सांगू? महायुद्धातल्या सतरा सालच्या हिवाळ्यात, जेव्हा आपण सगळे सलगम खाऊन जगत होतो, तेव्हा वॉर्डात दोन परिचारिका भुकेनं चक्कर येऊन पडल्या. डॉक्टरांनी आम्हाला ओळीत उभं केलं आणि म्हणाले, “जेवणाआधी बेशुद्ध पडायला मनाई आहे. आणि जेवण नसल्यामुळे आता पूर्ण मनाई आहे.” मग त्यांनी स्वतःच्या घरची बकरी आणून रुग्णालयामागे बांधली. तिचं दूध घटसर्पाच्या मुलांना मिळायचं आणि शिव्या मात्र मला, कारण ती बकरी दोनदा माझा एप्रन खाऊन गेली. हसा, हसा. डॉक्टर, तुम्हीसुद्धा हसायला हरकत नाही.

टाके घालताना ते गुणगुणतात. सूर कधीच लागत नाही. रोगी दुखणं विसरून ते काय गाताहेत हे ओळखण्याच्या नादात असतो, तेवढ्यात टाके संपतात. गरीब असो, जहागीरदार असो, दोघांनाही ते एकाच आवाजात रागावतात. खोटं मात्र त्यांना सांगता येत नाही. मरणाऱ्याला ते ‘बरे व्हाल’ म्हणत नाहीत. त्याच्याशेजारी खुर्ची ओढून बसतात.

इथपर्यंत माझी मंजूर झालेली दोन पानं संपली.

तिसरं पान मी कुणाला दाखवलेलं नाही.

मी एक घोट पाणी घेते.

अध्यक्ष महोदय, माणसाचा गौरव करायचा तर त्याच्या आयुष्यातल्या सर्वांत अवघड दिवसाविषयी बोलायला हवं ना? डॉक्टरांचा तो दिवस मला ठाऊक आहे. मी त्यांच्यापासून एका हाताच्या अंतरावर उभी होते. तो दिवस सांगितल्याशिवाय मी त्यांना निरोप दिला, तर हा सगळा हार-तुऱ्यांचा खर्च फुकट गेला असं होईल. डॉक्टर मान हलवून मला ‘नको’ म्हणताहेत. डॉक्टर, एकवीस वर्षांत मी तुमचा एकही हुकूम मोडला नाही. आज एक मोडते.

तेवीस सालचा जून. त्याआधीच्या वर्षी क्रान्त्सोच्या जहागिरीवर कॅप्टन श्ट्रेलोंची पलटण येऊन राहिली होती, हे इथल्या प्रत्येकाला माहीत आहे. सरकारनं ती बरखास्त केली होती, म्हणजे कागदावर ती नव्हतीच. जहागिरीवर साठ नवे शेतमजूर आले होते, एवढंच. त्यांना बीट उपटता येत नव्हतं. रांगेत चालता मात्र छान यायचं. गवताच्या कोठारात काय ठेवलं होतं हे आपण कुणी विचारलं नाही. रविवारी ते गाणी म्हणत बाजारातून जायचे आणि आपण खिडक्या उघडून हात हलवायचो. मीही हलवला आहे. युद्ध हरून आपण इतके खचलो होतो की कुणी ताठ चालताना दिसला तरी बरं वाटायचं.

त्या साठांत एकच आपल्या गावचा होता. डेटलेफ हामान. वडील युद्धात फ्लांडर्सच्या चिखलात कामी आले, आई रुग्णालयाच्या चादरी शिवून द्यायची. हामानबाई, तुमच्या शिवणीच्या चादरी आजही सात नंबरच्या खोलीत आहेत. डेटलेफ एकदा मानेवर गळू घेऊन माझ्याकडे आला होता. मी ते फोडत असताना म्हणाला, “सिस्टर, आमच्या कॅप्टनपुढे उभं राहण्यापेक्षा हे बरं.” तेव्हा मी हसले. पुढे त्या वाक्याचा मी पुष्कळ विचार केला.

नऊ जून, शनिवार. दुपारचे अडीच वाजले होते. आम्ही पट्ट्या गुंडाळत बसलो होतो. दारात हातगाडीचा आवाज झाला. रेल्वे फाटकावरचा सांधेवाला हिन्रिक क्लासेन रुळांच्या कामाची हातगाडी ढकलत पळत आला होता, आणि गाडीवर डेटलेफ पालथा पडलेला होता. क्लासेनचा सदरा छातीपासून खाली रक्तानं भिजलेला. त्याला दम लागून बोलता येईना. शेवटी म्हणाला, “फाटकापाशी पडला होता. गोळी ऐकली मी. दोन माणसं सायकलींवरून जहागिरीकडे गेली.”

क्लासेन कोण होता हे नव्या पिढीसाठी सांगते. रेल्वे कामगारांच्या संघटनेचा इथला चिटणीस. समाजवादी. पलटणीच्या मिरवणुकीला हात न हलवणाऱ्या चार-पाच माणसांपैकी एक. त्यानं त्या मुलाला तिथेच सोडून फाटकावरच्या आपल्या खोलीचं दार लावून घेतलं असतं, तर आज तो घरी जेवत असता.

डॉक्टरांनी डेटलेफचा कोट कापला. पाठीवर, डाव्या खांद्याच्या खाली, कापडाला जळलेलं भोक होतं. आम्ही दोघांनी लढाईतल्या जखमा पाहिल्या होत्या. असं भोक दुरून पडत नाही. पिस्तूल पाठीला जवळजवळ टेकवलेलं असलं तरच पडतं. गोळी आत होती. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं आणि खुर्ची ओढून त्याच्याशेजारी बसले. तेव्हाच मला कळलं.

तो सुमारे पाऊण तास जगला. शुद्धीवर होता. त्यानं एक नाव घेतलं. त्याच्या पलटणीतल्या माणसाचं, ज्याच्याशेजारी तो वर्षभर झोपत होता त्याचं. ते नाव मी इथे घेणार नाही. का, ते पुढे सांगते. मग म्हणाला, “मी कुणाला काही सांगितलं नव्हतं. बंदुकांचं मी कुणाला सांगितलं नव्हतं.” हे तो तीनदा म्हणाला, मास्तरांपुढे पोरं म्हणतात तसं. डॉक्टर म्हणाले, “आम्हाला ठाऊक आहे, बेटा.” त्याला ते खरं वाटलं असावं, कारण तो शांत झाला. नंतर डॉक्टर इंजेक्शन भरायला कपाटाकडे वळले तेव्हा त्यानं माझी बाही धरली आणि आणखी एक वाक्य बोलला. ते फक्त मी ऐकलं.

हामानबाई, त्या वाक्यापाशी मी येणार आहे. मला थोडा धीर गोळा करू द्या.

संध्याकाळी पाचच्या सुमारास, चांगला लख्ख उजेड असताना, कॅप्टन श्ट्रेलो रुग्णालयात आले. टोपी हातात, बूट पुसलेले. मी औषधाच्या खोलीत एकटी होते. त्यांनी मला बसायला खुर्ची दिली. माझ्याच खोलीत, माझीच खुर्ची. म्हणाले, “सिस्टर, थकला असाल.” मग माझ्या बहिणीची चौकशी केली. माझी बहीण तेव्हा पाणचक्कीपाशी राहायची. तिच्या दोन मुली शाळेतून कालव्याच्या वाटेनं येतात, पुलापाशी थांबून बदकांना पाव टाकतात, थोरली धाकटीचा हात धरत नाही, हे सगळं त्यांना ठाऊक होतं. मलासुद्धा बदकांचं ठाऊक नव्हतं. आवाज एकदाही चढला नाही. चढला असता तर कदाचित मी ओरडले असते.

मग त्यांनी विचारलं, “तो शेवटी काय बोलला?”

मी खिशातली पट्टी काढून गुंडाळायला घेतली.

“तुम्हाला आठवत नसेल तर मी सांगतो. तो म्हणाला, आईला सांगा, मी जर्मनीसाठी गेलो. हेच ऐकलंत ना तुम्ही?”

मी म्हणाले, “हो.”

एवढंच. कुणी माझ्यावर पिस्तूल रोखलं नव्हतं. कुणी हात पिरगाळला नव्हता. खुर्चीवर बसवून, प्रकृतीची चौकशी करून, माझ्याकडून एक ‘हो’ घेतला गेला.

कॅप्टनसाहेब, आपण उठू नये. अध्यक्ष महोदय, मी आपली घंटी ऐकली. पाच मिनिटांची मर्यादा आहे, माहीत आहे. पण मला थांबवून आता काही साधणार नाही, आणि हे मी धीट आहे म्हणून सांगत नाही. व्यवस्था करून आले आहे म्हणून सांगते. काल सकाळच्या गाडीनं मी राजधानीला गेले होते. सरकारी वकिलांच्या कचेरीत बसून नऊ पानं लिहून दिली, प्रत्येक पानावर सही केली. दोन प्रती केल्या. दुसरी कुठे आहे ते मी सांगणार नाही. ते नाव त्यांत आहे, म्हणून ते इथे घेण्याची गरज नाही. तेव्हा मागच्या दाराशी जी मंडळी येऊन उभी राहिली आहेत त्यांनी बसून घ्यावं. उभ्यानं ऐकायला बरंच आहे अजून.

मला भीती वाटते आहे. हे लपवण्यात अर्थ नाही. पण मी सहा वर्षं घाबरूनच होते, आणि गप्प राहून ती भीती तसूभरही कमी झाली नाही.

तर त्याच दिवशी सहा वाजता हामानबाई आल्या. शवपेटी बंद झाली होती. पलटणीनं ती स्वतः बंद केली होती, वर झेंडा घातला होता, दोन माणसं उभी केली होती. आईनं म्हटलं, मला तोंड पाहू द्या. ते म्हणाले, गुंडांनी त्याचं काय केलं ते आईनं पाहू नये. त्याच्या चेहऱ्याला खरचटलंही नव्हतं, बाई. मी तो पुसला होता. तुम्ही मला व्हरांड्यात गाठलंत आणि विचारलंत, काही बोलला का? कॅप्टनसाहेब तुमच्यामागे चार पावलांवर उभे होते. आणि मी ते वाक्य तुम्हाला सांगितलं. त्यांनी दिलेलं. शब्दही बदलला नाही. तुम्ही माझा हात धरून म्हणालात, “देव तुमचं भलं करो, सिस्टर.”

त्यानंतरच्या आठ-दहा रात्री मी झोपले नाही, पण त्यानं काय होतं?

पुढचं सगळ्या गावानं पाहिलं. अंत्ययात्रेला अकरा गावांहून लोक आले. डेटलेफला ज्यांनी जिवंतपणी कधी ओळख दाखवली नव्हती ते खांदा द्यायला भांडत होते. कबरीपाशी कॅप्टनसाहेब बोलले: हा आमचा पहिला हुतात्मा, फाटकावर एकट्यानं पहारा देताना शत्रूला तोंड देऊन पडला. पाठीतल्या भोकाविषयी कुणी काही बोललं नाही. मी परिचारिकांच्या रांगेत उभी होते आणि ते भोक मला सारखं दिसत होतं. वर्षभरात फाटकापाशी दगड उभा राहिला. त्यावर त्याचं नाव, तारीख आणि ते वाक्य. सोनेरी अक्षरांत. हामानबाईंना सगळे ‘वीरमाता’ म्हणू लागले. दर नऊ जूनला मोटार यायची, त्यांना बसवून न्यायची, काळा पोशाख, हातात फुलं, फोटो. त्या रुग्णालयाच्या चादरी शिवायच्या थांबल्या. वीरमातेनं शिवण करणं शोभत नाही असं त्यांना सांगण्यात आलं होतं.

आणि क्लासेनला पकडलं. पुरावा काय? त्याच्या सदऱ्यावर मेलेल्याचं रक्त होतं. ज्यानं उचलून आणलं त्याच्या अंगावर रक्त नसेल तर कुणाच्या असेल? पण हा प्रश्न विचारायचा कुणी? दोन शेतमजुरांनी शपथेवर सांगितलं की त्यांनी क्लासेनला गोळी झाडताना पाहिलं. पिस्तूल मिळालंच नाही. न मिळालं म्हणजे त्यानं लपवलं, असं ठरलं.

खटल्यात डॉक्टर उभे राहिले. आदल्या दिवशी त्यांच्या दवाखान्याच्या काचा फुटल्या होत्या आणि दारावर डांबरानं एक शब्द लिहिलेला होता, तो मी इथे उच्चारत नाही. त्यांनी शांतपणे सांगितलं: गोळी मागून, अगदी जवळून, लष्करी पिस्तुलाची, आणि मुलानं मरताना एक नाव घेतलं, ते क्लासेनचं नव्हतं. न्यायाधीशांनी विचारलं, आणखी कुणी ऐकलं? डॉक्टर म्हणाले, “सिस्टर आल्मा ब्योटशर तिथेच होत्या.”

मला बोलावलं. साक्षीदाराच्या कठड्यातून माझी बहीण दिसत होती. तिच्या दोन्ही बाजूंना दोन अनोळखी माणसं बसली होती, आणि त्यांतला एक तिला पेपरमिंटची गोळी देत होता. तिनं ती घेतली. तिला काय माहीत?

मी सांगितलं की मी नाव ऐकलं नाही. मी फक्त दगडावरचं वाक्य ऐकलं. म्हणजे तेव्हा ते अजून दगडावर नव्हतं. माझ्या शपथेमुळेच ते दगडावर गेलं.

सरकारी वकील डॉक्टरांकडे वळून म्हणाले, मग या महाशयांनी हे नाव कुठून आणलं? सगळं कोर्ट हसलं. डॉक्टर माझ्याकडे पाहत होते. त्या नजरेत राग असता तर मला सोपं गेलं असतं.

क्लासेनला बारा वर्षांची शिक्षा झाली. फाशी टळली ती केवळ डॉक्टरांच्या जबानीमुळे. न्यायाधीशांना तेवढी शंका आली होती. बाकी शंका मी मिटवून टाकली होती. क्लासेन आजही तुरुंगात आहे. त्याची बायको गेझिने इथल्या कपडे धुण्याच्या खोलीत काम करते, आणि सहा वर्षं मला रोज ‘गुड मॉर्निंग, सिस्टर’ म्हणते.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी मी कामावर गेले तेव्हा मला वाटलं, डॉक्टर मला हाकलून देतील. ते म्हणाले, “सिस्टर, सात नंबरचं ड्रेसिंग बदलायचंय.” झालं. महिन्याभरानं माझ्याच्यानं राहवलं नाही. मी त्यांना विचारलं, तुम्ही मला काहीच कसं बोलत नाही? हात धुता धुता ते म्हणाले, “तुम्ही घाबरलात. मीही घाबरलो होतो. फरक एवढाच की मला बहीण नाही.” आणि टॉवेल मागितला.

मित्रहो, डॉक्टर नॉयेंडॉर्फ यांच्या मोठेपणाविषयी मला याहून जास्त काही सांगता येत नाही. त्यांचे निम्मे रोगी गेले. रस्त्यात लोक बाजू बदलून चालू लागले. ज्यांची बाळंतपणं त्यांनी केली ती पोरं त्यांच्या सायकलीवर दगड मारायला शिकली. आणि आता समितीला त्यांच्या प्रकृतीची काळजी वाटू लागली आहे. या सहा वर्षांत एक शब्द बोलले असते की ‘ही बाई खोटं बोलली’, तर निदान काही लोकांनी विश्वास ठेवला असता. ते बोलले नाहीत, कारण माझ्या भाच्या अजून कालव्याच्या वाटेनं शाळेत जात होत्या.

तुम्ही विचाराल, मग आजच का? खरं सांगते, मी एकाएकी शूर झालेली नाही. बहीण गेल्या मार्चमध्ये न्यूमोनियानं वारली. मुली ब्रेमेनला काकाकडे गेल्या. माझ्याकडून काढून घेण्यासारखं आता मीच उरले आहे. हे कारण फारसं भूषणाचं नाही, पण आहे ते हे आहे.

दुसरं कारण यंदाचा नऊ जून. मी दर वर्षी जाणं टाळते. यंदा रुग्णालयातर्फे हार ठेवायला मला पाठवलं. दगडापुढे चाळीस तरुण उभे होते. नवी भरती. नवे शर्ट, घड्याही न मोडलेले. कॅप्टनसाहेबांनी एकेकाला पुढे बोलावलं. प्रत्येकानं दगडावर तळहात ठेवला आणि ते वाक्य मोठ्यानं म्हटलं. आईला सांगा, मी जर्मनीसाठी गेलो. चाळीस वेळा. त्यांच्या आया बाजूला उभ्या राहून रडत होत्या, काहींना अभिमान वाटत होता. आणि ही सगळी पोरं माझ्या एका ‘हो’वर हात ठेवून मरायची शपथ घेताहेत, हे तिथे दोनच माणसांना ठाऊक होतं. त्यांतल्या दुसऱ्यानं माझ्याकडे पाहून टोपीला हात लावला.

तेव्हा मला जी भीती वाटली ती औषधाच्या खोलीतल्या भीतीपेक्षा मोठी होती. मी हार तसाच हातात घेऊन परत आले.

आता ते वाक्य.

हामानबाई, तुमच्याकडे बघून बोलायचं मी ठरवलं होतं. ते जमतंय का बघते.

डॉक्टर कपाटाकडे वळले होते. डेटलेफनं माझी बाही धरली. त्याचा हात गार पडत चालला होता. तो म्हणाला, “आईला सांगा, मी घरी यायला निघालो होतो.”

बस. एवढंच म्हणाला. त्यात जर्मनी नव्हती. त्याला पलटण सोडायची होती. सोडणारा माणूस बंदुकांचं बोलेल, अशी त्यांना भीती होती, म्हणून त्याला मागून गाठलं. आणि मग ज्याला सोडून जायचं होतं त्यालाच त्यांनी झेंड्यात गुंडाळून आपल्याबरोबर कायमचं ठेवून घेतलं. तुम्हाला द्यायला सांगितलेला निरोप मी सहा वर्षं स्वतःजवळ ठेवला आणि त्याच्या जागी दुसऱ्याचाच दिला. मी तुमची क्षमा मागत नाही. मागायला तोंड नाही.

मंडळी, जरा शांतता राखा. हामानबाई उठल्या आहेत. त्यांना येऊ द्या. वाट द्या त्यांना, कृपा करून. कॅप्टनसाहेब, आपण त्यांचा दंड सोडावा, त्यांना आधाराची गरज दिसत नाही.

मागच्या लोकांना ऐकू गेलं नसेल, म्हणून त्या काय विचारताहेत ते मी सांगते. त्या विचारताहेत, “फाटकाच्या अलीकडे पडला होता, की पलीकडे?”

अलीकडे, बाई. क्लासेननं त्याला उचललं ते गावाच्या बाजूला. फाटक त्यानं ओलांडलं होतं. तोंड गावाकडे होतं. तिथून तुमच्या घराचं धुराडं दिसतं, मी काल जाताना गाडीतून पाहिलं.

हो. हो, बाई. मी तुमच्याबरोबर सरकारी वकिलांकडे येईन. सोमवारीच जाऊ. गेझिनेलाही घेऊन जाऊ, तिची हरकत नसेल तर.

अध्यक्ष महोदय, माझ्या बोलण्याला आता शेंडाबुडखा राहिलेला नाही, तेव्हा आवरतं घेते. कर्मचाऱ्यांच्या वतीनं मी डॉक्टर नॉयेंडॉर्फ यांचे आभार मानते. त्यांनी आम्हाला मलमपट्टी शिकवली. आणखीही एक गोष्ट शिकवत होते, ती शिकायला मला फार उशीर लागला. समितीनं हे सभागृह उपलब्ध करून दिलं, मनुक्यांचा केक आणि कॉफी ठेवली, त्याबद्दल समितीचे आभार. तो खाण्याची इच्छा कुणाला उरली असेल तर जरूर खावा. मला दिलेल्या वेळेपेक्षा मी फार जास्त वेळ घेतला, मंजूर मजकुराबाहेर बोलले, काही मान्यवरांचा मान राखला गेला नाही. बोलण्याच्या ओघात कुणाचं मन दुखावलं असेल तर उदार मनानं पदरात घ्यावं. पण जे बोलले त्यातला शब्द मात्र कुणी कमी करू नये.

आता मी खाली उतरते आहे. मागच्या दारापाशी आठ-नऊ जण उभे आहेत, ते मला इथून दिसतंय. मला त्याच दारानं जायचं आहे, दुसरं दार नाही.

हामानबाई म्हणताहेत, माझा हात धरा.

मंडळी, जरा वाट द्या. वीरमाता चालल्या आहेत.